लहान पिस्तूल नवशिक्याला सोपं जातं? अमेरिकेत पहिली बंदूक घेणारे नेमके इथंच फसतात

अमेरिकेतलं बंदुकीचं दुकान. काचेच्या कपाटात पन्नास-साठ पिस्तुलं मांडून ठेवलेली. पहिल्यांदाच आलेलं गिऱ्हाईक थोडा वेळ गोंधळून बघतं आणि बहुतेक वेळा सगळ्यात लहान पिस्तुलाकडे बोट दाखवतं. कारण सरळ आहे. हलकं आहे, खिशात मावतं, बघून भीती वाटत नाही. लहान म्हणजे सोपं, असा साधा हिशोब.

पण रेंजवर पहिल्या दहा गोळ्या झाडल्या की हा हिशोब चुकतो. हात झणझणतो, नेम लागत नाही, आणि ते पिस्तूल कपाटात जाऊन पडतं ते पडतंच.

विषय असा आहे की बंदुकीच्या बाबतीत 'आरामदायक' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, दिवसभर अंगावर बाळगायला आरामदायक. दुसरा, चालवायला आरामदायक. आणि हे दोन अर्थ एकमेकांच्या विरोधात जातात.

हा प्रश्न इतक्या लोकांना का पडतोय?

२०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, अमेरिकेत बंदुकांची खरेदी प्रचंड वाढली. त्या एका वर्षात एफबीआयच्या यंत्रणेतून जवळपास ३ कोटी ९७ लाख पार्श्वभूमी तपासण्या झाल्या. एक तपासणी म्हणजे एक बंदूक असं गणित नसतं, पण लाट केवढी होती याचा अंदाज येतो. यातले बरेच जण आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेणारे होते.

त्यानंतर २३ जून २०२२ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने 'ब्रुएन' खटल्याचा निकाल दिला. घराबाहेर पिस्तूल बाळगायचं असेल तर त्यासाठी खास कारण दाखवा, ही न्यूयॉर्क राज्याची अट कोर्टाने रद्द केली. मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीनेही आपली तशीच अट मागे घेतली. २०२४ पर्यंत तर २९ राज्यांत पिस्तूल लपवून बाळगण्यासाठी परवानाच लागत नाही अशी स्थिती आली.

म्हणजे बाळगायची मुभा मिळाली, पण हातात काय धरायचं आणि ते कसं चालवायचं हे कुणी शिकवेलच असं नाही.

मूर्ती लहान, झटका महान

पिस्तुलातून गोळी पुढे सुटते तेव्हा पिस्तूल मागे येतं. शाळेत शिकवलेला न्यूटनचा तिसरा नियम. ९ एमएमची गोळी साधारण साडेसात ते आठ ग्रॅमची असते, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढी. ती सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते.

आता गोळी तीच ठेवली आणि पिस्तुलाचं वजन निम्मं केलं तर काय होईल? पिस्तूल दुप्पट वेगाने मागे येईल आणि त्या झटक्याची ऊर्जाही दुप्पट होईल. म्हणजे जे वजन दुकानात नकोसं वाटतं, तेच रेंजवर झटका पोटात घेतं.

स्मिथ अँड वेसनची ६४२ ही खिशातली रिव्हॉल्व्हर फक्त ४१० ग्रॅमच्या आसपास आहे. पाच गोळ्या मावतात. बाळगायला तिच्यासारखी सोय नाही, पण अनुभवी नेमबाजही तिच्यातून एका दमात पन्नास गोळ्या झाडायला कंटाळतात. याउलट ग्लॉक १९ हे पिस्तूल रिकामं असताना ६०० ग्रॅमच्या पुढे जातं. त्यात १५ गोळ्या मावतात आणि अख्खा पंजा बसेल एवढी मूठ आहे. नवशिक्याला ते अंगावर येणारं वाटतं, पण चालवायला तेच सौम्य पडतं.

झटक्याचा खरा त्रास दुखण्यापेक्षा पुढचा आहे. दोन-तीनदा हात झणझणला की मेंदू सावध होतो. पुढच्या वेळी गोळी सुटायच्या आधीच मनगट आपोआप खाली दाबलं जातं, डोळे मिटतात आणि गोळी लक्ष्याच्या खाली जाते. ही सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात. म्हणून प्रशिक्षक मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांमध्ये एखादी नकली गोळी मिसळून देतात. ती आली की स्फोट होत नाही, पण हात मात्र खाली जातो आणि शिकणाऱ्याला स्वतःची चूक स्वतःच दिसते.

नेमाचं गणित

पिस्तुलावर पुढे एक आणि मागे एक अशा दोन खुणा असतात. त्या एका रेषेत आणून नेम धरतात. या दोन खुणांमधलं अंतर जितकं कमी, तितकी बारीक चूक महाग पडते.

समजा हे अंतर १५ सेंटीमीटर आहे आणि पुढची खूण फक्त १ मिलिमीटर सरकली. १० मीटरवर गोळी साधारण पावणेसात सेंटीमीटर चुकेल. तेच अंतर १० सेंटीमीटर असेल तर गोळी १० सेंटीमीटर चुकेल. हात तोच, चूक तीच, पण लहान पिस्तुलाने ती दीडपट केली.

त्यात लहान पिस्तुलाची मूठही आखूड. करंगळी खाली लोंबकळते, पकड सैल होते. मनगट सैल राहिलं तर हलकं पिस्तूल पुढची गोळी नीट न भरता मध्येच अडकूही शकतं.

मग बाईमाणसाला रिव्हॉल्व्हर बरी?

हा सल्ला अमेरिकेत पिढ्यानपिढ्या दिला गेला. रिव्हॉल्व्हरमध्ये खटके कमी, अडकायची भीती कमी, म्हणून ती सोपी. यात अर्धं तथ्य आहे.

उरलेलं अर्धं चापात, म्हणजे ट्रिगरमध्ये आहे. अशा लहान रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. चारशे ग्रॅमची वस्तू जराही न हलवता तिच्या वजनाच्या बारापट जोर एका बोटाने लावायचा, हे नवशिक्याला जमणं कठीण. आजच्या बहुतेक साध्या पिस्तुलांना याच्या निम्मा जोर पुरतो.

पिस्तुलाची अडचण वेगळी आहे. त्याची स्लाईड मागे ओढावी लागते आणि आत कडक स्प्रिंग असते. बोटांत ताकद कमी असलेल्यांना, वयस्करांना, संधिवात असलेल्यांना ती ओढवत नाही. इथंही गंमत अशी की लहान पिस्तुलांची स्प्रिंग बहुतेक वेळा जास्त कडक असते. यावर एक युक्ती आहे. स्लाईड ओढत बसण्याऐवजी ती एका हाताने घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकलायची. कंपन्यांनाही ही गरज कळली. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये 'शील्ड ईझी' हे सहज ओढता येणाऱ्या स्लाईडचं पिस्तूल काढलं. त्याच वर्षी सिग साऊरचं पी३६५ आलं. लहान अंगात दहा गोळ्या बसवून त्याने बाळगण्याचं गणित सोपं केलं, पण झटक्याचं गणित कुणालाच बदलता आलेलं नाही.

मग निवडायचं कसं?

पहिली पायरी, विकत घेण्याआधी भाड्याने घ्या. अमेरिकेतल्या अनेक रेंजवर वेगवेगळी पिस्तुलं भाड्याने मिळतात.

दुसरी, सुरुवात .२२ ने. तिची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास असते, झटका नावापुरता आणि काडतूस स्वस्त. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, तो प्रकारही .२२ चाच. त्यात पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत जड चालतं आणि मूठ खेळाडूच्या पंजाला बेतलेली असते. जगातले उत्तम नेमबाजसुद्धा हलकं आणि आखूड पिस्तूल मागत नाहीत.

तिसरी, मापाची. रिकामं असल्याची खात्री केलेलं पिस्तूल हातात धरलं की नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत यायला हवा आणि तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज टेकायला हवं. पंजा वळवावा लागत असेल तर ते पिस्तूल त्या हाताचं नाही.

चौथी, कान आणि डोळे. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. कान झाकले नाहीत तर एका गोळीनेही कायमचं नुकसान होऊ शकतं, आणि दचकण्याची सवय निम्मी आवाजानेच लागते.

बाळगण्यातली सोय आणि तिची किंमत

३० डिसेंबर २०१४. आयडाहो राज्यातल्या हेडन गावात एक २९ वर्षांची आई मुलांना घेऊन खरेदीला गेली होती. तिच्याकडे परवाना होता, बंदुकीची सवयही होती. पिस्तूल खास त्यासाठीच बनवलेल्या पर्समध्ये, चेनच्या कप्प्यात होतं. दोन वर्षांचा मुलगा ट्रॉलीत, पर्सजवळ बसला होता. त्याने कप्प्यात हात घातला, गोळी सुटली आणि आई जागीच गेली.

म्हणूनच जाणकार सांगतात की पिस्तूल पर्समध्ये नाही, अंगावरच असावं. चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर आणि जाड पट्टा घ्यावा. चांगला पट्टा असेल तर दोनशे ग्रॅमचा फरक कमरेला जाणवतही नाही, आणि मग खिशातल्या चिमुकल्या बंदुकीचा हट्टच उरत नाही.

भारतात काय?

इथं शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा आहे. परवाना मिळाला तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात आणि ९ एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' ही .३२ ची रिव्हॉल्व्हर काढली. तिची जाहिरातही वजनावरच होती, फक्त ५०० ग्रॅम. किंमत मात्र सव्वा लाखाच्या घरात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना काही मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगायला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. मित्राच्या रेंजवर हौस म्हणून हातात घेण्याआधीही नियम बघितलेला बरा.

शेवटचा हिशोब

२०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा बंदूक बाहेरच्या चोरावर नाही, घरातल्याच माणसावर चालली. ज्या घरात कुणी खचलेलं आहे किंवा लहान मुलं आहेत, तिथं कुठलं पिस्तूल घ्यायचं याआधी ते घरात आणायचं का, हा प्रश्न येतो. आणलंच तर कुलूपबंद तिजोरीशिवाय ते ठेवायची जागा नाही.

दुकानात विचारला जाणारा प्रश्न 'सगळ्यात लहान कुठलं?' हा असतो. खरं तर विचारायचं असतं ते हे, की दर महिन्याला न कंटाळता सराव करता येईल असं कुठलं? ज्याचा सराव नाही ते पिस्तूल कितीही हलकं असलं तरी वेळेला जडच जातं.