निदानापूर्वींचे दिवस

कल्याण-डोंबिवलीहून लोकलनें येणाऱ्या एखाद्या सोबत्यास महिनोगणती पोटदुखी, जुलाब व क्षीणता जडते. डॉक्टर म्हणतात, “क्रोनचा विकार असेल, आंतड्याचा क्षयहि असेल.” न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं १९३२ सालीं वर्णिलेला हा दाह सांसर्गिक नव्हे. क्षय जंतुजन्य आहे. परंतु दुर्बिणीच्या तपासणींत दोहोंचे व्रण सारखेच भासतात. क्रोनवरील स्टेरॉइड क्षयरोग्यास दिल्यास क्षय बळावतो. म्हणून आपल्याकडे पुष्कळदां प्रथम दोन-तीन महिने क्षयाचीं औषधें देऊन आंतडें पुन्हां तपासतात. व्रण भरले, तर बहुधा क्षय. न भरले, तर क्रोनचा संशय दृढ होतो. हा विलंब वैद्याचें अज्ञान नव्हे, सावधपणा होय. तोंवर सोबती वर्गांतून वारंवार उठला, तर हसूं नका. गाडींत त्यास जागा द्या. निदान डॉक्टर करतील. धीर देणें आपल्या हातीं आहे.