कृतीदेवमधली जुनी मराठी फाईल नव्या संगणकावर का वाचता येत नाही?

जालन्यातल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाईप करून घेतलेला ठराव किंवा अर्ज आज दुसऱ्या संगणकावर उघडला, तर अनेकदा पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. फाईल खराब झालेली नसते, व्हायरसही नसतो. मग मराठी गेली कुठे?

फाईलमध्ये मराठी नव्हतीच

कृतीदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. कृतीदेवमध्ये 'जालना' टाईप केलं, तर संगणक टी, के, वाय, यू, के ही पाच अक्षरं साठवतो. फॉन्ट असेल तर 'जालना' दिसतं, नसेल तर ही पाच अक्षरं. श्रीलिपीची मांडणी वेगळी असल्याने तिथेही ही फाईल वाचता येत नाही.

हा घोळ का झाला?

भारतीय लिप्यांसाठीचं 'इस्की' हे मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती, दोन्ही १९९१ सालची. पण विंडोजवर देवनागरी युनिकोडची सोय 'विंडोज २०००'पासून आली. तोवर छपाई आणि टायपिंगचं काम थांबणार नव्हतं, म्हणून प्रत्येकाने आपापली वाट काढली.

युनिक्सचंही असंच झालं होतं. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये सुरू झालेल्या या प्रणालीच्या कंपन्यांनी वेगवेगळ्या आवृत्त्या काढल्या. एकीवर चालणारा प्रोग्राम दुसरीवर अडायचा. शेवटी १९८८ मध्ये 'पॉझिक्स' हे सामाईक मानक आलं.

कन्व्हर्टर आहे, मग अडचण काय?

कृतीदेवमध्ये 'दिवस' लिहिताना पहिली वेलांटी आधी येते, 'द' नंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा असतो. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर चुकण्याची शक्यता वाढते. मजकुरात मध्येच ई-मेल पत्ता असेल, तर त्याचंही 'मराठी' होऊन बसतं. शिवाय 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुनी साधनं तिथे अडखळू शकतात.

सामान्य माणसाला काय फरक पडतो?

जुन्या फाईलींमध्ये 'जालना' शोधलं, तर संगणक 'सापडलं नाही' सांगतो. दृष्टिहीनांसाठीचं वाचक सॉफ्टवेअर निरर्थक अक्षरं वाचतं. रूपांतरात नावातली एक वेलांटी चुकली, तर कागदपत्रांवरची नावं जुळत नाहीत.

त्यामुळे रूपांतर करताना मूळ फाईल आणि तिची पीडीएफ जपून ठेवावी. नावं, गावं आणि गट क्रमांक डोळ्यांनी तपासावेत. आणि नवीन मजकूर टाईप करून घेताना दुकानदाराला एवढंच सांगावं: "युनिकोडमध्येच करा."