एक टन स्पंज, चिमूटभर औषध

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या कायकोरा द्वीपकल्पाला लोक देवमासे पाहायला जातात. त्याच समुद्रात, 80 ते 100 मीटर खोल थंड पाण्यात लिसोडेंडोरिक्स नावाचा एक पिवळा, बुळबुळीत स्पंज राहतो. शाळेत आपण ज्याला रंध्रीय प्राणिसंघ म्हणून शिकलो, त्यातलाच हा. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही. अंगावर कवच नाही. अशा प्राण्यांची भिस्त रसायनांवर असते.

या स्पंजातले रसायन हॅलिकॉन्ड्रिन-बी. ते आधी जपानी स्पंजात सापडले. उएमुरा आणि हिराता यांनी 1986 च्या सुमारास त्याची रचना मांडली. पेशी विभागताना गुणसूत्रे ओढून नेणाऱ्या सूक्ष्म नलिकांची वाढ ते रोखते. विभागणी अडते आणि कर्कपेशी मरते. दूरदूरच्या समुद्रांत, एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या स्पंजांत हेच द्रव्य मिळते. म्हणून खरा कारागीर स्पंज नसून त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव असावेत, असा संशोधकांचा संशय आहे.

अडचण होती ती मात्रेची. कायकोराजवळून एक टन स्पंज काढला, तेव्हा हाती आले सुमारे 300 मिलिग्रॅम हॅलिकॉन्ड्रिन-बी. कागदावर गणित करून पाहा: एक किलोसाठी तीन हजार टनांहून अधिक स्पंज लागेल. पाहणीत तिथला एकूण साठा निघाला 300 टनांच्या आसपास. म्हणजे एक किलो औषधासाठी ही सारी वस्ती दहा वेळा खरवडावी लागली असती! स्पंजाचे तुकडे दोरांवर टांगून उथळ पाण्यात वाढवूनही पाहिले. ते वाढले, द्रव्यही करत राहिले. पण गरजेच्या मानाने ते तुटपुंजेच.

वाट निघाली प्रयोगशाळेतून. हार्वर्डच्या योशितो किशी यांनी 1992 मध्ये हा प्रचंड रेणू कृत्रिमरीत्या घडवला. त्यातून एक गोष्ट कळली, आणि मला तीच या कथेतली सर्वांत मोलाची वाटते: कर्कपेशी मारण्याचे सामर्थ्य रेणूच्या उजव्या अर्ध्या भागातच आहे. डावा भाग सोडून देता येतो. एसाई या जपानी कंपनीने त्या अर्ध्यावरून एरिब्युलिन बनवले. साठाहून अधिक पायऱ्यांची ही घडण. 2010 मध्ये अमेरिकेत पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. आज ते पूर्णपणे कारखान्यात तयार होते; त्यासाठी कायकोराच्या तळावरचा एकही स्पंज उपटावा लागत नाही.