भजणीची टिक्की, निखाऱ्यावरचा बर्गर

पाव, टिक्की, वरून माखलेला सॉस आणि मधल्या कांदा-टोमॅटोच्या चकत्या, एवढाच बर्गरचा ऐवज. यातल्या चकत्या निरुपद्रवी. विकतच्या बर्गरमध्ये टिक्की बहुधा बटाट्याची, ब्रेडक्रम्समध्ये घोळून तळलेली असते, सॉस म्हणजे मुख्यतः तेल आणि पाव मैद्याचा. त्याऐवजी घरचा वडापाव बरा, असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही. तोही मैद्याच्या पावात तळलेला बटाटाच. हाच बर्गर घरी करताना टिक्की, सॉस आणि पाव या तिघांनाही हात घालावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे बहुतेक सामान शिरूर तालुक्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात आधीपासूनच असते.

याच तालुक्यातले, पुणे-अहिल्यानगर महामार्गावर भीमेच्या काठी वसलेले कोरेगाव भीमा पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर आहे. इथल्या शेतांत हुरड्याची आगटी पेटते ती थंडीत, पण निखाऱ्यावरच्या बर्गरला उन्हाळा सोयीचा. एप्रिल-मेमध्ये ज्वारी काढून घरात आलेली असते, उन्हाळी कांदा निघत असतो आणि सुट्टीला पाहुणे आलेले असतात. ऊन उतरल्यावर शेतात विटा मांडून त्यावर लोखंडी जाळी टाकली, की बर्गरची भट्टी तयार. सरपण बाभळीचे असेल तर उत्तम. तिचे निखारे कडक आणि टिकाऊ. टिक्की मात्र जाळावर कधीच टाकू नये. लाकूड जळून निखाऱ्यांवर पांढरी राख धरली, की मगच जाळी चढवावी. जाळावर टिक्की बाहेरून करपते, आत कच्ची राहते. शिवाय तेल किंवा चरबी विस्तवात ठिबकून उठणाऱ्या धुरात जी संयुगे असतात, ती आरोग्याला चांगली नाहीत.

टिक्कीसाठी मोड आलेली मटकी सर्वांत सोयीची. तिच्यात प्रथिने आणि तंतू भरपूर असतात, आणि बटाट्यासारखी ती नुसता पिठूळ लगदा होत नाही. मटकी आठ तास भिजवून फडक्यात बांधली, की उन्हाळ्यात मोड लवकर येतात. पण तितक्याच लवकर ती आंबूसही होते. म्हणून मोड येताच ती दहा मिनिटे वाफवून घ्यावी. कच्च्या मोडांतून पोट बिघडवणारे जंतू येऊ शकतात, तो धोकाही वाफवल्याने टळतो. आठ टिक्क्यांसाठी दोन वाट्या वाफवलेली मटकी पुरते. ती निथळून अर्धवट ठेचावी, काही दाणे अख्खे राहू द्यावेत. मग उकडलेला एक मध्यम बटाटा, अर्धी वाटी किसलेले गाजर किंवा बीट, आले-लसूण-मिरचीचा ठेचा, कोथिंबीर आणि पाऊण चहाचा चमचा मीठ.

घरच्या टिक्कीची नेहमीची तक्रार म्हणजे ती जाळीवर फुटते. याला कारण बहुतेक वेळा पाणी. किसलेल्या भाजीला मीठ लागले की पाणी सुटते आणि मिश्रण सैल पडते. म्हणून कीस पिळून घ्यावा आणि मीठ अगदी शेवटी घालावे. बांधणीसाठी मैदा किंवा कॉर्नफ्लोअर आणण्याचे कारण नाही. थालीपिठाची भजणी ते काम अधिक चांगले करते. भाजून दळलेले हे पीठ पाणी चटकन शोषून घेते, कच्चट लागत नाही, आणि त्यातली ज्वारी, बाजरी, डाळी व धने-जिरे यांनी टिक्कीला चवही येते. साधारण पाऊण वाटी भजणी लागते. गोळा तळहातावर दाबल्यावर कडांना भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावावा. हाताला चिकटला तर आणखी चमचाभर भजणी. टिक्क्या बोटाएवढ्या जाड थापून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या की घट्ट होतात. तापलेल्या जाळीवर कांद्याच्या अर्ध्या फोडीने तेल फिरवावे आणि टिक्की ठेवल्यावर तीन-चार मिनिटे तिला हात लावू नये. खालची बाजू भाजली की ती आपण होऊन सुटते. त्याआधी उलथणे घातले तर निम्मी जाळीलाच राहते.

मांसाहारी बर्गरसाठी कोंबडीचा खिमा घ्यायचा तर नुसत्या छातीच्या मांसाचा कोरडा पडतो, तंगडीचे मांस निम्मे तरी असावे. इथेही मीठ थापताना घालावे. आधी घालून मळले की खिमा चिवट आणि रबरी होतो. मांस भाजताना आक्रसून मध्ये फुगते, म्हणून टिक्कीच्या मधोमध अंगठ्याने खळगा करून ठेवतात. आतले तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवे. कच्च्या खिम्याचे ताट आणि भाजलेल्या टिक्क्यांचे ताट वेगळे ठेवणे शेतावर हमखास विसरले जाते.

मेयोनीजच्या साध्या पाककृतीत सत्तर-ऐंशी टक्के तेलच असते, आणि कच्च्या अंड्याचे मेयोनीज उन्हात धोक्याचे. त्यावर तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षभरासाठी बंदी घातली होती. त्याऐवजी दही फडक्यात बांधून फ्रिजमध्येच टांगलेला चक्का घ्यावा आणि त्यात लसूण, पुदिना, हिरवी मिरची वाटून मिसळावी. आवडत असेल तर चमचाभर शेंगदाण्याचे कूट. टोमॅटो केचपमध्ये साखर आणि मीठ दोन्ही असते. निखाऱ्यावर भाजून सोललेल्या टोमॅटोची चटणी त्याहून सरस लागते.

पावाच्या बाबतीत हात थोडा आखडताच राहतो. नुसत्या कणकेचा पाव जड होतो, कारण कोंड्याचे कण ग्लुटेनचे धागे तोडतात. निम्मी कणीक, निम्मा मैदा आणि नेहमीपेक्षा थोडे जास्त पाणी, हा चालणारा मध्यममार्ग. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसतेच, त्यामुळे ते चौथ्या हिश्श्यापुढे गेले की पाव फुगत नाही. विकत घेताना ब्राउन रंगावर जाऊ नये, तो रंग कॅरॅमलचाही असू शकतो. वेष्टनावर घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात. पहिले नाव ‘रिफाइंड गव्हाचे पीठ’ असेल तर तो मैदाच. पावातही मीठ असते, हेही हिशेबात धरावे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. वरच्या मापाने एका टिक्कीत साधारण अर्धा ग्रॅम येते. पाव लोण्याशिवाय जाळीवर शेकला तरी खरपूस होतो. कुणाला पावच नको असेल तर तळहाताएवढ्या दोन ज्वारीच्या भाकऱ्यांत टिक्की ठेवतात. तो बर्गर म्हणावा की नाही यावर वाद होईल, चवीवर होणार नाही.

हवेत ३२ अंशांहून जास्त उष्मा असेल तर खिमा, चक्का किंवा टिक्कीचे मिश्रण तासाभरापेक्षा अधिक बाहेर ठेवू नये. शेतावर नेताना बर्फाची पेटी हवी, आणि चक्का सर्वांत शेवटी बाहेर काढावा. मटकीचे उरलेले मिश्रण थंड राहिले असेल तर दुसऱ्या सकाळी तव्यावर त्याचे थालीपीठ होते. उन्हात राहिले असेल तर ते टाकूनच द्यावे लागते.