ना चुना, ना खिळा!

एक नवाकोरा खडू घ्या. त्याची दोन्ही टोकं तळहातांमध्ये सरळ धरा आणि समोरासमोरून दाबा. खडू दाद देत नाही. आता तोच खडू दोन्ही हातांनी धरून जरासा वाकवा. कट्‌! झाले दोन तुकडे!

असं का झालं? वाकवताना खडूची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. खडू दाब मजेत सोसतो, पण ताण त्याला मुळीच सोसत नाही. ताणलेल्या बाजूला बारीकशी चीर पडते आणि क्षणात आरपार जाते. दगडाचा स्वभावही अगदी असाच. दगड दाबून फोडायला जेवढं बळ लागतं, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याने, कधी त्याहूनही कमी बळाने, तो ताणून तुटतो.

आता सांगा, अशा दगडाचं छत करायचं आहे. सिमेंट नाही, काँक्रीटमधल्या सळ्या नाहीत, दगड चिकटवायला चुनासुद्धा नाही. जमेल का? आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंडा गावी साधारण हजार वर्षांपूर्वी हे काम करून दाखवलेलं आहे, आणि तेही असं की बघतच राहावं!

वैनगंगेच्या वळणावर

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते. भंडारा, गडचिरोली असं करत ती दक्षिणेला येते आणि पुढे वर्धा नदीला मिळते. तिथून दोघींचं मिळून नाव होतं प्राणहिता. पण चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याजवळ ही दक्षिणेला निघालेली नदी वळण घेते आणि काही अंतर चक्क उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदीचा काठ आपल्याकडे पवित्र मानतात. याच काठावर मार्कंडेश्वराचं मोठं देऊळ आणि त्याच्या आजूबाजूला लहानमोठ्या देवळांचा समूह आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. कोणी या जागेला विदर्भाची काशी म्हणतं, तर भिंतींवरची दाटीवाटीची शिल्पं पाहून कोणी विदर्भाचं खजुराहो म्हणतं.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम १८७० च्या दशकात इथे येऊन गेले आणि त्यांनी या देवळांची माहिती आपल्या अहवालात नोंदवली. चुन्याविना रचलेल्या अशा देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. पण हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. मार्कंड्याचं मुख्य देऊळ त्याच्याही आधीचं आहे!

खांबाने पसरलेले हात

चला, मंडपात शिरू या. आत गेल्यावर शिल्पांकडे नजर जाईलच, पण आधी मान वर करून खांबाचा माथा बघा. खांब वर गेला की त्याच्यावर एक रुंद दगड बसवलेला असतो. हा दगड बाजूंना पुढे आलेला असतो, जणू खांबाने दोन्ही बाजूंना हात पसरले आहेत. या हातांवर दगडी तुळई टेकते आणि तुळईवर छताचे दगड.

हे हात शोभेसाठी आहेत का? शोभा आहेच, पण खरं काम वेगळं आहे. दोन खांबांवर आडवी ठेवलेली तुळई स्वतःच्या वजनाने किंचित वाकू पाहते. तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. खडू आठवला ना? म्हणजे धोका खालच्या बाजूला! आता गंमत अशी की तुळईचं आधाराविना असलेलं अंतर दुप्पट केलं, तर तिच्या स्वतःच्या वजनाने पडणारा ताण दुपटीवर थांबत नाही, तो चौपट होतो. उलट ते अंतर थोडंसं कमी केलं, तरी ताण चांगलाच उतरतो. खांबाच्या माथ्यावरचे ते पुढे आलेले दगड नेमकं हेच करतात. तुळईखालचं मोकळं अंतर दोन्ही बाजूंनी कमी करतात.

दगडी मंडपात खांबांची इतकी गर्दी का असते, हेही आता कळलं असेल. लांबलचक दगडी तुळई स्वतःच्याच भाराने मोडेल, म्हणून खांब जवळजवळ उभे करायचे.

मग दगड एकमेकांना धरून कसे राहतात? एक म्हणजे वजन. वरचा भार खालच्या दगडाला घट्ट दाबून ठेवतो. दुसरं म्हणजे घर्षण. दोन सपाट घडवलेले दगड जितक्या जोराने एकमेकांवर दाबले जातील, तितके ते सरकायला नाखूश असतात. आणि तिसरी म्हणजे कारागिराची करामत. एका दगडाला उंचवटा ठेवायचा, दुसऱ्याला त्याच मापाची खाच पाडायची आणि दोन्ही एकमेकांत बसवायचे. माप चुकलं तर दगड वाया, महिन्याची मेहनत वाया!

करून पाहा

मंडपावर मोठ्ठं छत करायचं, पण तेवढा लांब दगड चालत नाही. मग काय करायचं? दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत न्यायचा. चहूबाजूंनी थर पुढे येत येत मधली मोकळी जागा लहान होत जाते आणि शेवटी एकाच दगडाने ती झाकता येते.

हे घरी करून बघता येतं. २४ सेंटिमीटर लांबीची, सारख्या जाडीची आणि कडक पुठ्ठ्याची ६ पुस्तकं घ्या. टेबलाच्या काठाशी एकावर एक नीट रचा. आता वरून सुरुवात करा. सगळ्यात वरचं पुस्तक त्याच्या खालच्या पुस्तकापुढे ११ सेंटिमीटर सरकवा. मग वरची दोन्ही मिळून साडेपाच सेंटिमीटर, वरची तीन मिळून साडेतीन, चार मिळून अडीच, पाच मिळून २ आणि शेवटी सहाही पुस्तकं टेबलाच्या काठापुढे दीड सेंटिमीटर. पुस्तकं हळूच सरकवा, घाई नको.

आता बेरीज करा. ११ + ५.५ + ३.५ + २.५ + २ + १.५ = २६ सेंटिमीटर. पुस्तकाची लांबी किती? २४. म्हणजे सगळ्यात वरचं पुस्तक पूर्णपणे टेबलाबाहेर आहे आणि तरीही पडत नाही! प्रत्येक टप्प्यावर वरच्या सगळ्या पुस्तकांचा गुरुत्वमध्य खालच्या आधाराच्या आतच राहतो, म्हणून हे जमतं. देवळात तर थरांच्या मागच्या बाजूला आणखी जड दगड ठेवलेले असतात. ते थर मागून दाबून धरतात.

योकोहामाचा मुलगा आणि डोंगरातले सुतार

चुना-खिळ्याविना बांधायची अशीच युक्ती पाहायला आता आपण मार्कंड्याहून थेट जपानला जाऊ. तिथे केंगो कुमा नावाचे वास्तुकार आहेत. त्यांचा जन्म १९५४ चा, योकोहामा शहरातला. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं, तेव्हा केन्झो तांगे यांनी बांधलेलं योयोगीचं क्रीडागार दहा वर्षांच्या केंगोने पाहिलं. तारांवर तोललेलं ते प्रचंड छत पाहून त्याने ठरवलं, आपणही वास्तुकार व्हायचं.

सुरुवातीला कुमांनी शहरात काँक्रीटची मोठी कामं केली. पण १९९० नंतर जपानवर आर्थिक मंदी आली आणि टोकियोतली कामं त्यांच्या हातून गेली. मग ते शिकोकू बेटावरच्या युसुहारा या डोंगरातल्या लहानशा गावी जाऊ लागले. तिथलं जुनं लाकडी नाट्यगृह त्यांनी पाहिलं, सुतारांशी गप्पा मारल्या, त्यांच्या शेजारी बसून लाकूड कसं वागतं ते समजून घेतलं. शिकलासवरलेला वास्तुकार खेड्यातल्या सुताराचा विद्यार्थी झाला! पुढे युसुहारामध्ये त्यांनी नगरपालिकेची इमारत, लाकडी पुलावरचं संग्रहालय आणि ग्रंथालय अशा कितीतरी वास्तू उभ्या केल्या.

जपानी सुतारांची विद्या एवढी ताजी कशी राहिली? त्याचं एक सुरेख उदाहरण म्हणजे इसे इथलं मंदिर. हे लाकडी मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर पुन्हा नव्याने बांधतात. २०१३ मध्ये ते असं ६२ व्यांदा बांधलं गेलं. म्हणजे प्रत्येक पिढीला हे काम स्वतःच्या हाताने करावंच लागतं.

कुमांची एक वास्तू तर मला फार आवडते. जपानच्या तोकाई भागातल्या कासुगाई शहरात २०१० मध्ये बांधलेलं एक संग्रहालय. ‘चिदोरी’ नावाचं जपानी मुलांचं जुनं खेळणं आहे. त्यात खाचा पाडलेल्या लाकडी काड्या असतात. काड्या एकमेकींत घालायच्या आणि एक फिरवली की सगळ्या घट्ट अडकतात. खिळा नाही, गोंद नाही. कुमांनी ६ सेंटिमीटर जाडीच्या लाकडी काठ्या घेतल्या आणि याच युक्तीने त्यांची जाळी विणत सुमारे १० मीटर उंचीची इमारत उभी केली. खेळण्यातून संग्रहालय!

दगडाचंही काम त्यांनी केलं आहे. नासू भागातलं दगडाचं संग्रहालय २००० मध्ये पूर्ण झालं. पैसा बेताचाच होता, पण जवळच दगडाची खाण होती आणि दगड घडवणारे जाणते हात होते. मग त्यांनी आशिनो दगडाच्या पातळ पट्ट्या करून मध्ये फटी ठेवत भिंती रचल्या. त्या फटींतून उजेड झिरपत आत येतो. पुढे टोकियोचं राष्ट्रीय क्रीडागार २०१९ मध्ये त्यांनीच बांधलं. त्याच्या छज्ज्यांना जपानच्या सगळ्या म्हणजे ४७ प्रांतांतलं लाकूड वापरलं आहे.

मार्कंड्याचे कारागीर आणि केंगो कुमा यांच्यात हजार वर्षांचं आणि हजारो किलोमीटरचं अंतर आहे. पण शहाणपण एकच. हाताशी आहे ते सामान घ्यायचं, त्याचा स्वभाव ओळखायचा आणि त्याला झेपेल असंच काम त्याला द्यायचं.

आपल्या झाडीपट्टीतला बांबू

गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलात तर असं एक नामी सामान उगवतं. बांबू! बांबू खरं म्हणजे गवत आहे. आतून पोकळ असतो, म्हणून हलका. पण वाकताना सगळ्यात जास्त दाब आणि ताण पडतो तो बाहेरच्या बाजूला, आणि बांबूचे चिवट तंतू नेमके बाहेरच्या बाजूला दाट असतात. मध्ये मध्ये येणारी पेरं नळीला चेपू देत नाहीत. दगडाला न सोसणारा ताण बांबू सहज सोसतो.

बुरड कारागीर याच बांबूच्या काड्या काढून सूप, टोपल्या विणतात. बांबूच्या कुडावर माती लिंपून घराच्या भिंती करतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने आपल्या जंगलातला बांबू स्वतः तोडून विकण्याचा हक्क २०११ मध्ये मिळवला. देशात असं करणारं ते पहिलं गाव! आणि केंगो कुमांनी २००२ मध्ये चीनच्या मोठ्या भिंतीजवळ एक घर बांधलं, ते पाहायला जगभरातून लोक येतात. त्या घराच्या भिंती कसल्या? बांबूच्या.

उतरवलेले दगड

मार्कंड्याच्या मुख्य देवळावर पूर्वी वीज कोसळली, शिखराचा भाग ढासळला आणि पुढे गोंड राजाने डागडुजी करून घेतली, असं सांगतात. विजेने दगड का फुटतो माहीत आहे? दगडात मुरलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि दगड आतून ताणला जातो. पुन्हा तोच ताण!

गेल्या दशकात पुरातत्त्व विभागाने जीर्णोद्धारासाठी शिखराचे दगड उतरवले. अशा कामात प्रत्येक दगडावर क्रमांक घालतात, त्याचं चित्र आणि फोटो ठेवतात, म्हणजे तो परत आपल्याच जागी बसवता येतो. चुन्याने चिकटवलेला दगड असा अलगद निघाला नसता. काम बराच काळ रेंगाळलं आणि भाविकांचा जीव त्यात अडकून राहिला. ते लवकर आणि नीट व्हावं, असं मलाही मनापासून वाटतं.

तुम्ही मार्कंड्याला गेलात, किंवा तुमच्या गावातल्या जुन्या देवळात गेलात, तर तीन गोष्टी जरूर बघा. खांबाचा माथा, दोन दगडांमधला सांधा आणि छताचे थर. वहीत त्यांची चित्रं काढा. दगडांवर चढू नका, नावं कोरू नका. घरी आल्यावर जवळच्या सुताराला, गवंड्याला किंवा बुरड कारागिराला विचारा, ‘हा सांधा तुम्ही कसा करता?’ जीर्णोद्धाराच्या कामाला माप घेणारे, नकाशे काढणारे, दगड तपासणारे आणि छिन्नी चालवणारे असे सगळेच लागतात. तुमच्यापैकी कोणी तरी त्यातलं एखादं काम नक्की शिका.