बेटांच्या देशात मोटारीने : नियोजन आधी समुद्राचे

नकाशावर चंद्रकोरीसारख्या दिसणाऱ्या क्रोएशियाची एक कड एड्रियाटिक समुद्राला लागून आहे. या किनाऱ्यासमोर लहानमोठी हजाराहून अधिक बेटे विखुरली असून कायम वस्ती असलेली बेटे पन्नासच्या आसपासच आहेत. उत्तम महामार्ग, रोमनकालीन नगरे आणि निळेशार पाणी यांमुळे भाड्याची मोटार घेऊन हा देश पाहण्याकडे पर्यटकांचा ओढा असतो. मात्र अशा सहलीचे वेळापत्रक रस्त्यांवरून नव्हे, तर फेरीबोटींवरून ठरते. हे ध्यानात न घेता आखलेली सहल एक बोट चुकताच कोलमडते. त्या रात्रीच्या निवासाचे आगाऊ भरलेले पैसे बुडतात आणि पुढचे सारे दिवस मागे सरकतात.

हंगाम

जुलै-ऑगस्ट हा तेथील ऐन गर्दीचा काळ. निवासाचे दर चढे आणि बंदरांवरील रांगा लांब. एप्रिलमध्ये गर्दी नसली तरी समुद्राचे पाणी थंड असते आणि फेऱ्याही मोजक्या असतात. मुलांच्या शाळा सुरू होण्यापूर्वी परतायचे असेल, तर मे महिन्याची अखेर आणि जूनचा आरंभ हा सुवर्णमध्य ठरतो. शाळेचे बंधन नसणाऱ्यांसाठी सप्टेंबर उत्तम. तेव्हा गर्दी ओसरलेली असते आणि पाणी उबदार असते.

आधी फेरी, मग निवास

तेथील जलवाहतुकीत दोन प्रकार आहेत. मोटारी वाहून नेणारी फेरी संथ असते. वेगवान कॅटमरान मात्र केवळ प्रवाशांसाठी असते. अनेक देशांतर्गत मार्गांवर मोटारीचे तिकीट काढले म्हणजे विशिष्ट बोटीवर जागा राखून ठेवली, असा अर्थ होत नाही. जो आधी रांगेत, तो आधी बोटीत. म्हणून हंगामात बंदरावर तास-दीड तास आधी पोहोचावे आणि दिवसाची शेवटची फेरी कधीही गृहीत धरू नये. वेळापत्रक ऋतूनुसार बदलत असल्याने प्रवासाच्या नेमक्या तारखांचे वेळापत्रक पाहावे आणि त्यानंतरच बेटावरील निवास निश्चित करावा.

प्रत्येक बेटावर मोटार न्यावी असेही नाही. एखाद्या बेटावरील एकच गाव पाहायचे असल्यास मोटार किनाऱ्यावरील वाहनतळावर ठेवून कॅटमरानने जाणे स्वस्त आणि सोयीचे पडते.

दहा दिवसांचा मार्ग

राजधानी झाग्रेबहून आरंभ करावा. सुमारे 130 किलोमीटरवर प्लिटविसची सोळा सरोवरे आहेत. 1979 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या उद्यानात पोहण्यास मनाई आहे. तेथून झादरकडे जाताना व्हेलेबिट पर्वताखालील सुमारे पावणेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. एका तोंडाशी डोंगराळ गारवा, तर दुसऱ्या तोंडाशी भूमध्य सागरी ऊन, असा अनुभव अनेकदा येतो. झादरच्या किनाऱ्यावर 2005 पासून लाटांच्या दाबाने वाजणारे ‘सागरी ऑर्गन’ आहे. पुढे स्प्लिट येथे रोमन सम्राट डायोक्लेशियनने उभारलेल्या प्रासादाच्या भिंतींच्या आत आजही नागरी वस्ती नांदते.

स्प्लिटहून मोटारीसह सुमारे दोन तासांत ह्वार बेटावरील स्तारी ग्राद गाठता येते. ग्रीक वसाहतकारांनी ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात आखलेली शेते तेथे अजून कसली जातात. परतताना त्याच वाटेने मागे न येता बेटाच्या पूर्व टोकावरील सुचुराय येथून द्रवेनिककडे जाणारी छोटी फेरी घ्यावी. मात्र हा रस्ता अरुंद व वळणांचा असल्याने वेळ हाताशी ठेवावा आणि इंधन आधीच भरून घ्यावे.

दुब्रोव्निकला जाणाऱ्या किनारी रस्त्यावर बोस्नियाची एक चिंचोळी पट्टी आडवी येते. जुलै 2022 मध्ये खुल्या झालेल्या पेल्येशाट्स पुलामुळे ती टाळता येते. ज्यांच्याकडे एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा आहे, त्यांनी हाच मार्ग धरावा. पट्टीतून गेल्यास पुन्हा क्रोएशियात प्रवेश मिळणार नाही.

कागदपत्रे आणि पैसा

1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात आला आणि त्याच दिवशी तेथे युरो चलन लागू झाले. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांतील कुना चलनातील दर आता निरुपयोगी आहेत. व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा आवश्यक असतो. मूळ परवान्यासोबत प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही घ्यावा. त्याची मुदत एक वर्षाची असते. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे स्वयंचलित गिअरची मोटार घेतल्यास नवख्या चालकाचा ताण हलका होतो.

मोटार ताब्यात घेताना भाडे कंपनी सामान्यतः चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम रोखून ठेवते. ही रक्कम खर्च होत नाही, पण तेवढी मर्यादा काही दिवस अडकते. म्हणून इतर खर्चासाठी वेगळे कार्ड ठेवावे. फेरीवर होणारे नुकसान, टायर आणि काच यांना विमा लागू आहे का, तसेच मोटार दुसऱ्या शहरात सोडण्याचे शुल्क किती, हे करारातच पाहून घ्यावे. निघण्यापूर्वी कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सुविधा सुरू करावी. दुकानातील यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ असे विचारल्यास युरो निवडावा. रुपयांत रूपांतर करताना दुकानाच्या बाजूने लावला जाणारा दर बहुधा महाग पडतो.

अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चाची तरतूद जशी असते, तशीच तरतूद दिवसांचीही असावी. दहा दिवसांपैकी एक दिवस मोकळा ठेवावा आणि तो परतीच्या विमानाच्या अगदी आधी, दुब्रोव्निकच्या मुक्कामात ठेवावा. फेरी चुकली, वारा सुटून बोटी थांबल्या, तर हा दिवस कामी येतो. काहीच अडले नाही, तर सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या तटबंदीवरून निवांत फेरफटका मारत तो सत्कारणी लावता येतो.