घाटाखालची रेल्वे, घाटावरचा रुग्ण

बुलडाणा जिल्ह्यात ‘घाटाखालचे’ आणि ‘घाटावरचे’ हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे सात तालुके घाटाखाली. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे सहा घाटावर. हवा, पाणी, पिके सगळ्यांतच हा फरक जाणवतो. पण वाहतुकीत तो सर्वाधिक ठळक आहे. जिल्ह्यातील सगळी रेल्वे स्थानके घाटाखाली आहेत. खुद्द जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बुलडाणा शहरात रेल्वे नाही.

खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. तिची चर्चा बहुतेक वेळा पुढाऱ्यांची आश्वासने आणि अर्थसंकल्पातील तरतूद एवढ्यापुरतीच होते. पण हा मार्ग इतका रेंगाळण्यामागे थोडे भौतिकशास्त्र आहे आणि बरेच अंकगणित आहे. ते समजून घेतले, तर रेल्वे येईपर्यंत आणि आल्यानंतरही नेमके काय मागायला हवे, हे स्पष्ट होते. घाटावरच्या डायलिसिसच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णासाठी हा प्रश्न थेट प्रकृतीशी जोडलेला आहे.

रुळांना चढ का सोसत नाही?

रेल्वेचे मोठे बळ म्हणजे लोखंडी रुळावरचे लोखंडी चाक. दोन्ही पृष्ठभाग कठीण असल्याने चाक जवळजवळ दबत नाही आणि ऊर्जा वाया जात नाही. सपाट रुळावर मध्यम वेगाने एक टन वजन ओढायला साधारण दोन ते तीन किलो वजनाइतके बळ पुरते. रस्त्यावरच्या रबरी टायरला याच्या कित्येक पट बळ लागते. म्हणूनच एक इंजिन हजारो टनांची मालगाडी ओढू शकते.

चढ लागला की हे गणित बिघडते. शंभर मीटर अंतरात एक मीटर चढ, म्हणजे ‘शंभरात एक’ असा उतार असेल, तर प्रत्येक टनामागे आणखी दहा किलोचे बळ लागते. आधी अडीच लागत होते, आता साडेबारा. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चढावर इंजिनाचे काम पाचपट होते. शिवाय ज्या गुळगुळीतपणामुळे चाक सहज पळते, त्यामुळेच ते चढावर घसरते. पावसात पकड आणखी कमी होते आणि इंजिनातून रुळावर वाळू सोडावी लागते. मुंबईहून निघणाऱ्या रेल्वेला कसारा आणि बोर घाटात ‘सदतिसात एक’ असा चढ चढावा लागतो. तिथे जड गाड्यांना जादा इंजिने जोडतात, ती याच कारणाने.

आता बुलडाण्याकडे पाहू. मलकापूर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटरवर आहे, तर बुलडाणा साडेसहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे चारशे मीटरचा चढ. डोंगरी रस्त्याला ‘विसात एक’ चढ चालतो, त्यामुळे वळणे घेत आठेक किलोमीटरमध्ये रस्ता ही उंची गाठू शकतो. मोताळ्याकडून येणारी एसटी राजूर घाट चढून वर येते, ती अशीच. रेल्वेला ‘शंभरात एक’ चढाने तीच उंची गाठायची तर सलग चाळीस किलोमीटर चढत राहावे लागेल. ‘दोनशेत एक’ ठेवला तर ऐंशी किलोमीटर. डोंगर मात्र इतका हळू चढत नाही. मग वळसे, भराव, पूल आणि बोगदे आले. ज्या उंचीमुळे बुलडाण्याला थंड हवा मिळाली, तीच उंची रेल्वेच्या आड आली.

कापसासाठी आलेला फाटा

इतिहासानेही हीच विभागणी पक्की केली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून निघालेला मार्ग पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. कापसाची मोठी बाजारपेठ असलेले खामगाव या मार्गापासून थोडे बाजूला होते. म्हणून जलंबपासून सुमारे तेरा किलोमीटरचा फाटा काढण्यात आला. १८७० मध्ये तो सुरू झाला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. गाठी मुंबई बंदरात पोहोचवणे हा या रुळांचा हेतू होता. माणसांनी कुठून कुठे जायचे, हा विचार त्यात दुय्यम होता.

घाटाच्या दुसऱ्या बाजूला निजामाचे राज्य होते. तिथे मनमाड ते हैदराबाद हा मार्ग १९००च्या सुमारास जालन्यावरून गेला, पण तो मीटर गेज होता. खामगावचा रूळ ब्रॉड गेज. राज्य वेगळे आणि रुळांची रुंदीही वेगळी. जालन्याचा मार्ग ब्रॉड गेज व्हायला १९९०चे दशक उजाडले.

परिणाम असा, की खामगाव आणि जालना यांत प्रस्तावित मार्गाने सुमारे १६० किलोमीटर अंतर असले, तरी आज रेल्वेने जायचे तर भुसावळ-मनमाडवरून किंवा अकोला-पूर्णा-परभणीवरून वळसा घालावा लागतो. दोन्ही वाटा चारशे किलोमीटरच्या वर जातात. साहजिकच कोणी तसे जात नाही. सगळा भार रस्त्यावर येतो. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा होरपळून मृत्यू झाला. प्रवाशांची संख्या आणि अंतर लक्षात घेता रेल्वेचा प्रवास रस्त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित ठरतो. रेल्वे नसण्याची किंमत अशीही मोजावी लागते.

नफ्याच्या हिशेबात न येणारे

नवा मार्ग मंजूर करताना रेल्वे ‘परतावा दर’ काढते. बांधकामाचा खर्च एका बाजूला आणि पुढच्या काही दशकांतील भाडे-उत्पन्न दुसऱ्या बाजूला. गुंतवणुकीवर वर्षाला १४ टक्के परतावा मिळाला तर मार्ग किफायतशीर, असा निकष अनेक वर्षे होता. डोंगर चढायचा म्हणून खर्च जास्त, आणि मधे मोठी शहरे वा खाणी नाहीत म्हणून मालवाहतूक कमी. अशा भागाला हा निकष पार करणे अवघडच.

म्हणून नियोजनशास्त्रात दुसरा हिशेबही मांडतात. त्यात वाचलेला वेळ, टळलेले अपघात, कमी जळालेले डिझेल, शिक्षण आणि उपचार गाठता येणे यांचेही मोल धरतात. त्याला आर्थिक परतावा म्हणतात. रेल्वेच्या गल्ल्यात न दिसणारा फायदा समाजाच्या खात्यात दिसतो. विदर्भ आणि मराठवाडा जोडणाऱ्या मार्गाचा विचार या दुसऱ्या हिशेबानेच व्हायला हवा.

प्रवास हाही उपचाराचा भाग

रुग्णाच्या बाबतीत हे मोल किती मोठे आहे, ते साध्या आकडेमोडीत दिसते. डायलिसिस सहसा आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चारेक तास करावे लागते. केंद्रापर्यंत जायला दोन तास आणि यायला दोन तास धरले, तर वर्षभरात १५६ फेऱ्यांचे ६२४ तास फक्त प्रवासात जातात. म्हणजे रात्रंदिवस मोजले तर पूर्ण २६ दिवस. कर्करोगावरची किरणोपचार पद्धती तर बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे चालते. एकही दिवस चुकू नये अशी तिची रचना असते. गाडी हुकली, तर केवळ दिवस वाया जात नाही, उपचारात खंड पडतो.

अंतर वाढले की उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण घटते, हे अमेरिकेतील डॉक्टर एडवर्ड जार्विस यांनी १८५०च्या सुमारास मनोरुग्णालयांच्या नोंदींवरून दाखवले होते. रुग्णालयाजवळच्या गावांतून रुग्ण जास्त येत, दूरच्या गावांतून कमी. दूरची माणसे कमी आजारी होती असे नव्हे. त्यांना येणे जमत नव्हते. आरोग्य-भूगोलात हे निरीक्षण आजही आधारभूत मानले जाते. बुलडाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्याला मोठा आधार मिळाला आहे. मात्र, घाटाखालच्या खारपाणपट्ट्यातील संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या रुग्णाला तिथे यायचे तर घाट चढावाच लागतो. मूत्रपिंडाच्या विकाराच्या तक्रारी तर याच पट्ट्यातून येत आल्या आहेत.

थांबण्याचे शास्त्र

वाहतूक म्हटले की आपण वेगाचा विचार करतो. प्रवाशाचा बराच वेळ मात्र थांबण्यात जातो आणि तो जास्त जाचतो. थांब्यावर काढलेले एक मिनिट प्रवाशाला गाडीतल्या साधारण दोन मिनिटांइतके जड वाटते, असे वाहतूक नियोजनात धरले जाते. आजारी माणसाला ते आणखी जड.

समजा, एका मार्गावर तासाला दोन बस आहेत. त्या बरोबर अर्ध्या-अर्ध्या तासाने आल्या, तर अवचित थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी १५ मिनिटे थांबावे लागते. त्याच दोन बस एकामागोमाग आल्या आणि मग तासभर काहीच नसले, तर सरासरी प्रतीक्षा ३० मिनिटांची होते. बस तितक्याच, चालक-वाहक तितकेच, डिझेलही तितकेच. प्रवाशाचा खोळंबा मात्र दुप्पट.

गाडी बदलायची असेल तर गणित आणखी कठीण होते. गावाहून तालुक्याला, तिथून मलकापूरला आणि पुढे रेल्वेने, अशा प्रवासात समजा तीन ठिकाणी गाडी वेळेत मिळावी लागते. प्रत्येक ठिकाणी ती मिळण्याची शक्यता ८० टक्के मानली, तरी तिन्ही ठिकाणी मिळण्याची शक्यता ५१ टक्क्यांवर येते. म्हणजे दोनपैकी जवळपास एका खेपेला कुठेतरी गाडी हुकणार. म्हणून माणसे दोन तास आधीच निघतात, किंवा कर्ज काढून जीप ठरवतात.

स्वित्झर्लंडचा धडा

याच प्रश्नावर डोंगराळ स्वित्झर्लंडने काढलेला मार्ग जगभर अभ्यासला जातो. तिथे १९८२ पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याची पद्धत सुरू झाली. दर तासाला, त्याच मिनिटाला गाडी. मोठ्या स्थानकांवर सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याला जवळपास एकाच वेळी येतात, प्रवासी गाडी बदलतात आणि काही मिनिटांत त्या पुन्हा निघतात. लहान गावांत जाणाऱ्या पिवळ्या पोस्टबस स्थानकाबाहेर त्याच वेळी उभ्या असतात.

तिथल्या नियोजनकारांनी आधी वेळापत्रक आखले आणि त्याला लागतील तिथेच नवे रूळ टाकले. झुरिक-बर्न प्रवास तासाच्या आत बसवणे गरजेचे होते, म्हणून डिसेंबर २००४ मध्ये त्या वाटेवर नवा मार्ग सुरू केला. शक्य तितक्या वेगाने धावण्यापेक्षा गरजेइतक्या वेगाने धावणे, हे त्यामागचे सूत्र. पुढची गाडी मिळत असेल, तर दहा मिनिटे आधी पोहोचून उपयोग काय?

खामगावचा फाटाही मुळात मेळाच्याच तत्त्वावर उभा आहे. तेरा किलोमीटरच्या रुळाची खरी किंमत जलंबला मुख्य मार्गावरची गाडी मिळते की नाही, यावर ठरते.

रेल्वे आली तरी

प्रस्तावित मार्ग खामगावहून चिखली, देऊळगाव राजा असा जालन्याला जाणार आहे. तो उद्या पूर्ण झाला, तरी बुलडाणा शहर त्यापासून वीसेक किलोमीटर बाजूला राहील. मेहकर आणि लोणारच्या बहुतेक गावांना स्थानक गाठायला एसटीच लागेल. आणि या मार्गावर दिवसाला दोनच गाड्या, त्याही अपरात्री धावल्या, तर रुग्णाला त्यांचा उपयोग नाही. म्हणून मागणी करताना ‘रूळ’ आणि ‘वेळापत्रक’ हे दोन्ही शब्द सोबतच यायला हवेत.

यातले काही आजही करता येण्याजोगे आहे. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव येथे दिवसा थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळा पाहून घाटावर जाणाऱ्या एसटीच्या वेळा लावणे. गाडी थोडी उशिरा आली तर शेवटची बस ठरावीक मिनिटे थांबवणे. रेल्वे स्थानकावर एसटीचे आणि बसस्थानकावर रेल्वेचे वेळापत्रक लावणे. यातल्या कशालाही बोगदा खणावा लागत नाही. रुग्णालयांनीही डायलिसिसची वेळ ठरवताना रुग्णाच्या गावची शेवटची बस किती वाजता सुटते, एवढे विचारले तरी खूप फरक पडेल.

रुग्णांनी आणि नातेवाइकांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. कर्करोगाच्या तसेच डायलिसिससाठी जाणाऱ्या रुग्णांना रेल्वे भाड्यात सवलत आहे आणि सोबतच्या एका व्यक्तीलाही ती मिळते. एसटीतही काही गंभीर आजारांसाठी सवलत आहे. त्यासाठी विहित नमुन्यातील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. उपचार सुरू होतानाच ते डॉक्टरांकडून मागून घ्यावे आणि जवळच्या आगारात व स्थानकावर नियम विचारून घ्यावेत.